आबांनी जहाज पाहिलं तो हिवाळा

पोंक आला. सुरतेत हिवाळा थंडीवरून ओळखायचा म्हटलं तर एखादं वर्ष कोरडंच जाईल. आम्ही तो पोंकावरून ओळखतो. कोवळ्या ज्वारीचे हिरवेगार दाणे हातगाड्यांवर ढिगाने दिसायला लागले, शेजारी लिंबू-मिऱ्याची शेव दिसली, की समजायचं. आमच्या खानदेशात याला हुरडा म्हणतात आणि तो शेतात आगटीभोवती बसून खातात. इथे तो पुडीत बांधून स्कूटरच्या डिकीतून घरी येतो. गेल्या आठवड्यात मीही आणला. डब्यात काढून ठेवला आणि तीन दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. ज्या माणसाला एवढा मऊ दाणाच तेवढा चावता यायचा ते आता घरात नाही, एवढंच त्याचं कारण.

त्याच दिवशी संध्याकाळी माझी मुलगी रुची कॉलेजातून आली ती फोन पुढे धरूनच. "मम्मी, जहाजनी बीजी सीझन आवी गई." जहाजची दुसरी सीझन आली म्हणे. माझी मुलगी घरात गुजरातीत बोलते, मध्येच हिंदीत, आणि मराठीत फक्त रागावते. मी हं म्हटलं. तिने ती मालिका पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर आलेला एक निरोप वाचून दाखवला. कुणीतरी, ज्याला आम्ही कधी पाहिलेलं नाही, विचारत होतं : "वो सूरतवाले दादाजी देख रहे हैं ना?"

"शुं लखुं?" रुचीने विचारलं. काय लिहू?

"आत्ता काही लिहू नकोस," मी म्हटलं आणि कणीक मळायला घेतली.

'जहाज' हे त्या मालिकेचं खरं नाव नव्हे. खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आमच्या घरात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही म्हणून तिचं नाव जहाज पडलं. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. पुढच्या कुठल्याशा शतकात एक अवकाशयान दूरच्या ग्रहाकडे निघालंय. आत माणसं काचेच्या पेट्यांमध्ये गाढ झोपलीत आणि यानाची देखभाल करायला एक बाई तेवढी जागी आहे. तिच्या पाळीची वर्षं भरली की ठरलेल्या दाराआडची दुसरी पेटी उघडायची, आतल्या माणसाने उठून काम हाती घ्यायचं, आणि हिने झोपायचं. पाळी भरते. दार काही उघडत नाही. बाई वाट पाहते आणि वाट पाहता पाहता रोजची फेरी मारत राहते. दहा भाग, एकेक भाग तासाभराचा.

यावरून लोकांनी एकमेकांच्या झिंज्या उपटायच्या बाकी ठेवल्या होत्या. रुची त्या ग्रुपवरचे वाद मला वाचून दाखवायची. एका दारासाठी दहा तास? हे सायन्स फिक्शन आहे की वॉचमनची ड्यूटी? दुसरा लगेच म्हणायचा, संथ आहे म्हणूनच ते खरं वाटतं, तुम्हाला रील बघायची सवय लागलीय. तिसरा सल्ला द्यायचा की दीडपट वेगाने बघा, काहीच बुडत नाही. मी मनातून त्या तिसऱ्याच्या बाजूची. माझा स्वभावच मुळी पी हळद आणि हो गोरी असा. कादंबरीचं शेवटचं पान मी आधी वाचते. कुकरची वाफ जायच्या आधी मी झाकणाशी झटापट करते. शाळेत मुलाने उत्तराला तोंड उघडलं की मीच ते पूर्ण करून टाकते. लिंबायतमधल्या मराठी शाळेत इतकी वर्षं शिकवतेय, पण हा दोष काही गेला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आबा आमच्याकडे राहायला आले. आबा म्हणजे माझे वडील. त्याआधी ते नवागामला माझ्या धाकट्या भावाकडे, राजूकडे असायचे. पण त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि आबांना आता जिना चढवत नव्हता. आमचं गोडादऱ्याचं घर तळमजल्यावर. माझी शाळा सकाळची, दुपारी एकला मी घरी. म्हणून ते आमच्याकडे आले, असं आम्ही त्यांना सांगितलं.

खरं कारण निराळं होतं. पोटात गाठ निघाली होती आणि ती फार पुढे गेली होती. डॉक्टरांनी मला आणि राजूला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "उत्तरायण सुधी काढे तो घणुं." संक्रांतीपर्यंत निघाले तरी खूप. आवाज हळू करायची खरं तर गरज नव्हती. आबांना फार वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघांनी तिथेच पायऱ्यांवर ठरवलं की त्यांना काही सांगायचं नाही. अशा वेळी सगळी घरं हेच ठरवतात. पचनाचा त्रास आहे, म्हणालो. आबांनी मान हलवली.

आबांचे कान खात्यात गेले. खातं म्हणजे मागांची शेड. आणि सुरतेत मागाला संचा म्हणतात. पस्तीसेक वर्षं त्यांनी तिथे बारा संचे चालवले. दोन रांगांत सहा-सहा. मधल्या बोळातून कारीगराने फेऱ्या मारायच्या, कुठे धागा तुटला, कुठे कांडी संपली ते पाहायचं, हात घालायचा आणि पुढे जायचं. त्या खडखडाटात बोलणं अशक्य. सगळा कारभार खुणांनी आणि ओठांनी. त्यामुळे कान गेले तरी आबांचं फारसं अडलं नाही. समोरच्याचे ओठ दिसले की त्यांना सगळं कळायचं. अडायचं ते टीव्हीपाशी. मालिकांमधली माणसं पाठ करून बोलतात, अंधारात बोलतात, तिघं एकदम बोलतात. आबा दोन मिनिटं पाहायचे आणि उठून ओट्यावर जाऊन बसायचे.

जहाज त्यांना रुचीने लावून दिलं. तेही सहज, तिला स्वतःला बघायचं होतं म्हणून. मी शाळेतून आले तर आबा पलंगावर उशीला टेकून बसलेले आणि डोळे पडद्यावर. त्यात कुणी बोलतच नव्हतं. ती बाई लांबलचक बोळातून चालत होती, दोन्ही बाजूंना यंत्रं, एकेका यंत्रापाशी थांबत होती, तळवा टेकवत होती, पुढे जात होती. मी पर्स ठेवली, हातपाय धुतले, भाकरी टाकली, तरी ती आपली चालतेच आहे. मी म्हटलं, काय बाई ही मालिका. आबांनी माझ्याकडे न पाहता बोट पडद्याकडे केलं.

"ही बाई बारा संचा चालावस व माय," ते म्हणाले.

मग मी मोजलं. खरोखरच बारा यंत्रं होती.

त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की जहाज, हा नेम झाला. आबांना एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांच्या वर बसवत नसे. मग ते डोळे मिटायचे, मी टीव्ही बंद करायची, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. बाहेर रस्त्यावर पतंगाच्या मांज्याचं काम जोरात असायचं. या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरा ताणलेला, त्यावर गुलाबी रंग चढवत माणसं मागे-पुढे चालताहेत. खिडकीतून तेही आबांना दिसायचं. कधी ते पडदा सोडून त्या दोऱ्याकडेच पाहत बसायचे. त्यांच्या बोटांना दोरा दिसला की चैन पडत नसे. दोन बोटं एकमेकांवर घासली जायची. मी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत करायची, ते दोन घास खायचे आणि फार छान झालंय अशी खूण करायचे. दोनच घास का, हे मी विचारायची नाही. दुपार, ऊन, रस्त्यावरचा तो गुलाबी दोरा, पोंकाची हिरवी पुडी, आणि पडद्यावर ती बाई दुसऱ्या माणसाची वाट पाहत चालतेय. तो हिवाळा मला असा एकत्रच आठवतो.

राजू सुट्टीच्या दिवशी दुपारी यायचा. इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर काम, आठवडाभराची झोप अंगात साठलेली. तो आबांच्या पायाशी बसायचा आणि पाच मिनिटांत चुळबुळ करायला लागायचा.

"ताई, नऊ मिनिट व्हयनात," एकदा तो म्हणाला. "नऊ! बाई नुसती पाइप पुसी राह्यनी. आठे ते काईच व्हत नही."

"मामा, यही तो मज़ा है," रुची म्हणाली. "उसका अकेलापन फील करो ना."

"अकेलापन माले रोज फील व्हस, कंपनीनी बसमा."

आम्ही हसलो. आबांना हसू दिसलं, कशाबद्दल ते राजूच्या ओठांवरून अर्धंमुर्धं कळलं असावं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"पाइप नही पुसी राह्यनी ती. गळती शोधी राह्यनी. हात देख तिना."

आम्ही पाहिलं. बाईची बोटं पाइपच्या खालच्या बाजूने सरकत होती. एका सांध्याशी थांबली, मागे आली, पुन्हा थांबली. थोड्या वेळाने तिने बोट उजेडात धरलं तर त्यावर पाण्याचा एक थेंब. राजूची चुळबुळ थांबली. आबांचा चेहरा असा खुलला की ती गळती त्यांनीच पकडलीय.

"आन् वाट देखानी म्हनजे काय, ते तुमले काय माहीत," ते राजूला म्हणाले. मग ते बराच वेळ बोलत राहिले. खात्यात पाळी संपली तरी संचा बंद होत नाही. बदलीचा जोडीदार येतो, खांद्याला हात लावतो, कुठला संचा त्रास देतोय ते त्याला खुणेने दाखवायचं आणि आपण निघायचं, कापड चालूच. पण तो आलाच नाही तर? लग्नसराईत असं व्हायचं. जोडीदार गावाला गेला की तिकडेच रमायचा आणि इकडे आबा दाराकडे डोळे लावून दुसरी पाळी ओढायचे. "जवलोंग जोडीदार येत नही, तवलोंग संचा सोडता येत नही." माझा जन्म झाला तेव्हाही जोडीदार आला नव्हता. आबांनी मला पाहिलं ते दोन दिवसांनी. हे मला आईने कधी सांगितलं नव्हतं, आबांनीही त्या दुपारीच पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे नाही, त्या न उघडलेल्या दाराकडे पाहत होते.

रुचीने हे सगळं ग्रुपवर लिहिलं. माझे आजोबा सुरतेत बारा माग चालवायचे, त्यांचं म्हणणं आहे की ही बाई अगदी बरोबर वेगाने चालतेय. त्यावर काहींनी टिंगल केली. आजोबांना सांगा, आम्हाला पगार मिळत नाही बघायचा. पण बऱ्याच जणांना ते भिडलं. एक नर्स होती, तिने लिहिलं की वॉर्डात फेरी अशीच असते. आणि मग त्या भांडकुदळ ग्रुपवर एक निराळाच रिवाज सुरू झाला. रोज कुणीतरी विचारायचं, दादाजी कुठपर्यंत आले? आबा चौथ्या भागात असतील तर पाचव्याबद्दल कुणी उघड लिहायचं नाही. एरवी एकमेकांचे आईबाप काढणारी माणसं एका न पाहिलेल्या म्हाताऱ्यासाठी जपून बोलायला लागली. आबांना हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "इतला लोके वाट देखी राह्यनात?" आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून बसले.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. दार उघडतं की नाही, आणि तिच्या जागी कोण येतं, हे पाहायचं होतं. औषधाची, पथ्याची, गावाची, कशाची त्यांना ओढ राहिली नव्हती. ही एक राहिली होती. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. पाचवा भाग संपत आला तेव्हा डिसेंबर निम्मा सरला होता. वीस मिनिटांची बैठक आता पंधरावर आली होती. आठवड्यातून तीन दुपारी तरी ते नुसतेच पडून राहायचे. मी हिशेबाला बसले, गणिताची बाई आहे मी. उरलेले पाच भाग भागिले पंधरा मिनिटं, वर त्या रिकाम्या दुपारी. उत्तर उत्तरायणाच्या पलीकडे जात होतं.

रुचीला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला समजलं होतं. तिनेच सुचवलं. "सव्वापट पे डाल दो ना मम्मी. आबा को कहाँ पता चलेगा, उनको तो आवाज़ सुनाई नहीं देती." वेग वाढवला की आवाज चिरका होतो, बोलणं घाईचं होतं, त्यावरून आपल्याला कळतं. ज्याला आवाजच नाही त्याला काय कळणार, असं आम्हा दोघी शहाण्यांना वाटलं. मी वेग वाढवला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला बरं वाटलं. आबांसाठी आपण काहीतरी करतोय असं वाटलं.

तिसऱ्या दुपारी बाई फेरीला निघाली आणि आबांचं बोट गुडघ्यावर पडायला लागलं. तिच्या पावलांबरोबर ते रोजच पडायचं, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी ते चुकलं. पुन्हा जुळवलं, पुन्हा चुकलं. आबांनी हाताने थांब अशी खूण केली.

"लता, पुली कोनी बदली?"

मला कळलंच नाही. मी विचारलं, कसली पुली?

तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. दिवाळीत खातं आठ-पंधरा दिवस बंद असतं, कारीगर गावाला जातात. तेवढ्यात शेठ मोटरवरची पुली बदलून टाकायचा. पुली मोठी की संचा जोरात. कापड जास्त निघतं, धागेही जास्त तुटतात, आणि कारीगर दिवसभर पळत राहतो. शेठ कुणाला सांगायचा नाही. त्याला वाटायचं, या आवाजात कुणाला काय कळतंय! पण आबांना दुसऱ्या फेरीतच कळायचं, पायांना कळायचं. एवढं सांगून ते थांबले आणि मला म्हणाले, "हाई जोरमा चाली राह्यनं. तिनं चालनं आसं नही."

मी रिमोट पदराखाली घेतला. चोरी पकडल्यावर माझ्या वर्गातली पोरं करतात तसंच. आबांनी रिमोटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत सगळं जुळत गेलेलं मला दिसलं. ज्याच्यापाशी वेळ आहे त्याची पुली कुणी बदलत नाही.

"डॉक्टरनी काय सांगं तुले?"

लोक खोटं बोलताना मान वळवतात. आबांशी बोलायचं तर तोंड त्यांच्यासमोर धरावं लागायचं, ओठ नीट हलवावे लागायचे. पचनाचं ते एक खोटं सोडलं तर दीड महिना आम्ही नुसतं गप्प राहून निभावलं होतं. आता त्यांनी सरळ विचारलं होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "उत्तरायणपर्यंत."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेठ बी आसाच. सांगे नही, पुली बदली टाके."

आयुष्यात त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. पण त्या वाक्याने जेवढं लागलं तेवढं कशानेच लागलं नसतं. मी रडायला लागले. माझं चुकलं होतं. त्यांचं मरण मी त्यांच्या पाठीमागे ठेवून, त्यांच्याच उरलेल्या दिवसांचा वेग परस्पर ठरवत होते, आणि त्याला प्रेम म्हणत होते. ते प्रेमही होतं, नाही असं नाही. पण शेठलाही बहुधा आपण खात्याचं भलंच करतोय असं वाटत असेल.

"रडू नको," आबा म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला; तो इतका हलका झाला होता की मला आणखीच रडू आलं. "जोरमा चालाडं म्हनजे धागा तुटस. पहिली पुली लाव."

मी पहिली पुली लावली. त्यांनी भाग पुन्हा सुरुवातीपासून दाखवायला लावला. घाईत पाहिलेलं त्यांना धरायचं नव्हतं. सगळे तीन दिवस मागे.

आता वर्षाने विचार करते तेव्हा वाटतं, त्यानंतरचे दिवस आमचे सगळ्यांत मोकळे होते. लपवायचं काही उरलंच नव्हतं. राजू आबांजवळ बसून पोटभर रडला आणि मग दोघांनी मिळून पोंक खाल्ला, आबांनी चार दाणे, उरलेला राजूने. आबांनी सांगून टाकलं की मला गावाला नेऊ नका, तापीकाठीच करा सगळं. राजू म्हणाला, गावचे लोक नावं ठेवतील. "ठेवू दे," आबा म्हणाले. "गावनंच पानी आठे येस." खरं आहे, तापी आमच्या गावावरूनच येते. आम्हीही तिच्यामागून आलो. तेवढा प्रवास करून ती थकत नाही, माणसं थकतात.

एक आणखी झालं. मी जहाज पाहायला शिकले. आधी मी ते आबांना दाखवत होते आणि स्वतः कपड्यांच्या घड्या करत होते. आता हातातलं ठेवून बसायची. ती बाई एका यंत्राशी थोडी जास्त थांबली की मला कळायचं, आबा माझ्याकडे पाहायचे, मी मान हलवायची. ग्रुपवर भांडणं चालूच होती की यात काही घडत नाही. मला देवाकडे एवढंच मागायचं होतं की काही घडू नये. आणखी थोडा वेळ तिने अशीच फेरी मारावी, आबांचं बोट गुडघ्यावर पडावं, दुपार सरू नये. ज्या बाईने जन्मभर कुकरशी झटापट केली ती हे मागत होती.

डॉक्टरांचं गणित चुकलं. आबांनी उत्तरायण काढलं. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरलेल्या, भोंगे, पिपाण्या, "काप्यो छे"च्या आरोळ्या. आबांपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. खिडकीतून पतंगांच्या सावल्या त्यांच्या चादरीवरून सरकत होत्या, तेवढं ते पाहत होते. मी त्यांच्या जिभेवर तिळगुळाचा कण ठेवला. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि टीव्हीकडे बोट केलं. दहाव्या भागाची शेवटची वीस मिनिटं राहिली होती. राजू आला होता. रुची त्यांच्या उशाशी बसली. त्यांना धरून बसवलं.

बाईने शेवटची फेरी मारली. बाराही यंत्रं पाहिली. मग ती त्या दारापाशी आली आणि खाली बसली. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. आम्ही चौघं श्वास रोखून. चेहरा, दार. पुन्हा चेहरा. आणि पडदा काळा झाला, नावं वर सरकायला लागली.

आबा वाट पाहत राहिले. त्यांना वाटलं, अजून आहे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिना जागावर कोन उनं?"

एवढं करून, इतके दिवस ओढून तो माणूस शेवटापर्यंत पोचला होता आणि शेवट तिथे नव्हताच. मी त्यांच्यासमोर तोंड धरून सांगितलं, "अजून कुणी नाही आलं आबा. पुढचं पुढच्या वर्षी दाखवणार आहेत."

"पुढला साल?"

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला आणि मग हळूहळू हसू. दात नसलेलं, खरंखुरं हसू. राजू शिव्या देत होता त्या मालिका काढणाऱ्यांना. रुची तोंड फिरवून रडत होती. आबांनी माझं मनगट धरलं.

"तू देख," ते म्हणाले. "आन् कोन उनं, ते माले सांगजो."

मी हो म्हटलं. चार दिवसांनी, सकाळी मी शाळेत असताना ते गेले. राजू जवळ होता. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. रुचीने ग्रुपवर काही कळवलं नाही, मीही सांगितलं नाही. त्या लोकांच्या लेखी आबा अजून वाटच पाहताहेत.

या वेळी नवी सीझन येऊन दहा दिवस झाले तरी मी ती लावली नाही. रुचीही थांबली. ग्रुप पुन्हा पेटलाय म्हणे. पहिल्याच भागात पंधरा मिनिटं काही होत नाही, यांना प्रेक्षकांची किंमत नाही, वगैरे. आज शाळेतून आले, जेवले, आणि आबांच्या पलंगावर त्यांच्या जागेच्या अलीकडे बसून मी ती लावली. ती बाई दारापाशी तशीच बसलेली. केस जास्त पांढरे. ती उठली, फेरीला निघाली. सगळी पंधरा मिनिटं मी पाहिली. सहाव्या यंत्राशी ती थोडी जास्त थांबली, तेव्हा माझी मान आपसूक हलली. मग तिच्या पाठीमागे उजेडाची एक फट दिसली. फट रुंदावली. झोपेतून नुकतीच उठलेली, पाय लटपटणारी एक तरुण मुलगी भिंत धरत धरत बोळातून आली आणि बाईच्या मागे उभी राहिली. तिने बाईच्या खांद्यावर हात ठेवला.

मी ताडकन उठले आणि पलंगाकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाले, "आबा, आली. एक पोरगी आली."